लस, रोजगार आणि बेकारी भत्ता : वाराणसीच्या संदर्भात एक इतिहास

प्रस्तावना

कारखान्याच्या, दुकानाच्या किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने कामगाराला सांगितले, ‘लस घ्या, नाहीतर कामावर येऊ नका.’ त्याने लस घेतली नाही आणि त्याचे काम गेले. आता बेकारीच्या काळात मिळणारी मदत त्याला मागता येईल का? की काम त्याने आपल्या हाताने घालवले असे म्हणून त्याचा अर्ज फेटाळला जाईल?

२०२१ आणि २०२२ मध्ये हा प्रश्न कॅनडात न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकेतील काही राज्यांनी त्यासाठी आपले कायदे बदलले. भारतात लससक्तीवर भरपूर वाद झाला, पण बेकारी भत्त्याचा मुद्दा त्या वादात फारसा आला नाही. याचे कारण लशीच्या इतिहासात शोधून मिळणार नाही. आपल्याकडे बेकारीची भरपाई कोणाला आणि कोणत्या अटीवर मिळते, या दुसऱ्या इतिहासात ते दडलेले आहे.

म्हणून या पाठात आपण दोन इतिहास शेजारी ठेवून वाचणार आहोत : एक लशीच्या सक्तीचा, दुसरा बेकारीच्या भरपाईचा. हे दोन्ही कामगाराच्या आयुष्यात कसे भेटतात हे पाहण्यासाठी वाराणसी हे शहर आपण निवडले आहे. तेथे रेल्वे इंजिनांचा सरकारी कारखाना आहे, हॉटेले, खासगी रुग्णालये व दुकाने आहेत, आणि घरातच माग चालवणारे हजारो विणकर आहेत. एकाच शहरातल्या या तीन प्रकारच्या कामगारांना लशीच्या नियमाचा फटका तीन वेगळ्या रीतींनी बसतो, हे शेवटच्या भागात तुमच्या लक्षात येईल.

१. लशीची सक्ती कोणावर होती?

सुरुवात लशीच्याही आधीपासून करू. भारतात देवीच्या रोगावर टोचणीची जुनी पद्धत होती. रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत टोचत. त्याला बहुधा सौम्य देवी येत आणि पुढे संरक्षण मिळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टर जॉन हॉलवेल याने १७६७ मध्ये लंडनला या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. वृंदावन, अलाहाबाद, बनारस अशा विद्यापीठांतून दरवर्षी ब्राह्मण या कामासाठी बंगालमध्ये येतात, असे त्याने लिहिले आहे. टोचणी करणाऱ्यांना उत्तर भारतात व बंगालमध्ये टीकादार म्हणत. टोचणी हे त्यांचे पोटापाण्याचे काम होते.

जेन्नरची गाईच्या देवीपासून केलेली लस जून १८०२ मध्ये मुंबईत प्रथम यशस्वीपणे टोचली गेली. मराठीत तिच्यासाठी ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. जुन्या टोचणीमुळे इतरांना खऱ्या देवीचा संसर्ग होऊ शकत असे, म्हणून सरकारने पुढे तिच्यावर बंदी आणली. १८८० चा लसीकरण कायदा ज्या नगरपालिकांना व लष्करी छावण्यांना लागू केला जाई, तेथे जुनी टोचणी गुन्हा ठरत असे. मुंबई शहरासाठी १८७७ चा वेगळा कायदा होता. काही टीकादारांना सरकारने नव्या लशीच्या कामावर घेतले. इतरांचा धंदा हळूहळू बसला. लशीच्या नियमामुळे रोजगार जाण्याचे हे आपल्याकडील जुने उदाहरण. येथे काम गेले ते लस टोचून न घेणाऱ्याचे नव्हे, जुन्या रीतीने टोचणाऱ्याचे, एवढे लक्षात ठेवा.

या कायद्यांतील सक्ती मुख्यतः पालकांवर होती. ठराविक वयाच्या मुलाला देवी काढून घेतल्या नाहीत, तर पालकाला दंड होऊ शकत असे. कामगाराने लस घ्यावी आणि न घेतल्यास मालकाने त्याला काढावे, अशी रचना त्यात नव्हती. सक्तीचे नाते सरकार आणि कुटुंब यांच्यात होते. कामाची जागा त्याच्या बाहेर होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि चित्र गुंतागुंतीचे झाले. लोक शहर सोडून कोकणात, देशावर निघाले. गिरण्यांना माणसे मिळेनात. मालक एकमेकांचे कामगार पळवू लागले, महिन्याऐवजी रोजच्या रोज मजुरी देऊ लागले. अशा वेळी ‘लस घेतली तरच कामावर घेऊ’ असे म्हणण्याची ताकद मालकापाशी नसते. कामावर अट लादता येते ती कामगार मुबलक आणि काम दुर्मीळ असते तेव्हा. पुढचा इतिहास वाचताना हे साधे सूत्र हाताशी असू द्या.

याच काळात वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. महिनाभरातच, ४ फेब्रुवारीला, साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. त्याने सरकारला घरझडती, प्रवाशांची तपासणी, रुग्णांना व त्यांच्या संपर्कातील लोकांना वेगळे ठेवणे अशा गोष्टींसाठी व्यापक अधिकार दिले. या उपायांविरुद्धचा राग किती टोकाला गेला हे पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारातून आणि एप्रिल १९०० मध्ये कानपूरला विलगीकरण छावणीवर झालेल्या दंग्यातून दिसते. लस मात्र सरसकट सक्तीची केली गेली नाही. त्याऐवजी टोचून घेतलेल्यांना विलगीकरणासारख्या जाचक उपायांतून सूट देण्याचा मार्ग वापरला गेला.

येथे कायद्याची एक नवी तऱ्हा जन्माला आली. ‘लस न घेतल्यास शिक्षा’ असे न म्हणता ‘लस घेतल्यास त्रासातून सुटका’ असे म्हटले गेले. कागदावर ही सवलत आहे. पण छावणीत जायचे नसेल तर लस घेण्यावाचून गत्यंतर नसलेल्या माणसाला तिच्यात आणि सक्तीत फारसा फरक जाणवत नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी दूषित झालेल्या एका बाटलीतील लशीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले आणि लोकांचा विश्वास आणखी डळमळला. हाफकिन यांच्यावरील ठपका १९०७ मध्ये दूर झाला, पण गेलेला विश्वास परत यायला वेळ लागला.

२. बेकारीची भरपाई आणि ‘दोष कोणाचा’ ही कसोटी

आता दुसरा इतिहास पाहू. बेकारीचा विमा राष्ट्रीय पातळीवर सक्तीने सुरू करणारा पहिला देश म्हणजे ब्रिटन. तेथील १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात ठराविक उद्योगांतील कामगारांना बेकारीच्या काळात आठवड्याला ठराविक रक्कम मिळू लागली. त्याच कायद्यात एक अट होती : गैरवर्तनामुळे काम गेले असेल, किंवा योग्य कारण नसताना कामगाराने ते सोडले असेल, तर सहा आठवडे काहीही मिळणार नाही. काम गेले की घालवले, हा प्रश्न तेव्हापासून बेकारीच्या जवळजवळ प्रत्येक योजनेला चिकटून आहे.

भारतात अशा विम्याची वाट लांबची ठरली. कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, त्याच्या आधारे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरमध्ये योजनेचे उद्घाटन केले. कामगार जिला आजही नुसते ‘ईएसआय’ म्हणतात ती हीच योजना. तिच्यात आजारपण, बाळंतपण, कामावरची इजा, कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार आणि औषधोपचार या गोष्टी होत्या. बेकारी नव्हती.

बेकारीसाठी वेगळा मार्ग धरला गेला. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये दुरुस्ती होऊन कामगार कपातीसाठी भरपाई ठरली : सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन. ही रक्कम विम्यातून येत नव्हती, मालकाने द्यायची होती. आणि ‘कपात’ या शब्दाच्या व्याख्येतून शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढून टाकलेला कामगार वगळला होता. १९११ ची ती जुनी कसोटी अशा रीतीने आपल्याकडेही आली.

ईएसआयमध्ये बेकारीचा भत्ता आला तो १ एप्रिल २००५ पासून, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने. कारखाना बंद पडणे, कपात, किंवा कामाबाहेर झालेल्या इजेने आलेले कायमचे अपंगत्व, एवढ्याच कारणांना तो लागू होता. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तिच्यात आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, सरासरी दैनिक कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. कोविडच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले. बेकारीच्या ९० दिवसांनंतर मिळणारी मदत ३० दिवसांनंतर मिळू लागली, आणि अर्ज मालकामार्फत न पाठवता थेट शाखा कार्यालयात देण्याची सोय झाली.

आकडा हाताशी असावा म्हणून हिशेब करू. रोज सरासरी ५०० रुपये कमावणाऱ्या कामगाराला जुन्या दराने ९० दिवसांचे ११,२५० रुपये मिळाले असते, वाढीव दराने २२,५०० रुपये. रक्कम मोठी नाही, पण तीन महिन्यांचे घरभाडे आणि किराणा तिच्यातून निघू शकतो.

या योजनेची एक अट नीट वाचा : बेकारी ही गैरवर्तनाबद्दलच्या शिक्षेमुळे, वयोमानानुसार निवृत्तीमुळे किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे आलेली नसावी. लस न घेतल्यामुळे कामावरून काढलेल्या विमाधारकाचे सारे भवितव्य या एका अटीवर ठरते.

ग्रामीण भागाची कथा वेगळी आहे. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि मागितलेले काम न दिल्यास बेकारी भत्ता, हे तत्त्व तिने रुजवले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने तेच देशभर नेले : मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा भत्ता. देऊ केलेले काम न स्वीकारणाऱ्याला तीन महिने भत्ता मागता येत नसे. म्हणजे येथेही दोषाची कसोटी होतीच. शहरातील मजुराला मात्र या कायद्याचा उपयोग नव्हता.

३. २०२१ : प्रश्न जगापुढे येतो

कोविडच्या लशी आल्या तेव्हा अनेक देशांत मालकांनी आणि सरकारांनी कामाला लशीची अट जोडली. इंग्लंडमध्ये वृद्ध व आजारी लोकांच्या निवासी शुश्रूषागृहांत काम करणाऱ्यांसाठी ११ नोव्हेंबर २०२१ पासून लस बंधनकारक झाली. १५ मार्च २०२२ रोजी तो नियम मागे घेतला गेला. अमेरिकेत १०० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांसाठीचा केंद्रीय नियम सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी थांबवला, पण केंद्रीय निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांसाठीचा नियम त्याच दिवशी चालू ठेवला.

काम गेलेल्यांच्या भत्त्याबाबत दोन टोकांची उत्तरे पुढे आली. कॅनडात सरकारने २०२१ मध्येच सांगितले की मालकाचे लसधोरण न पाळल्याने काम गेले तर सामान्यतः भत्ता मिळणार नाही. तेथील न्यायालयांनी पुढे असे धरले की भत्ता ठरवणाऱ्या यंत्रणेने धोरण चांगले की वाईट हे पाहायचे नसते. कामगाराला धोरण माहीत होते का आणि त्याने ते जाणूनबुजून मोडले का, एवढेच पाहायचे. उलट आयोवा, फ्लोरिडा, कॅन्सस, टेनेसी या अमेरिकी राज्यांनी २०२१ च्या शरद ऋतूत कायदे करून अशा कामगारांना भत्ता मिळण्याची वाट मोकळी केली. ‘गैरवर्तन’ ही काही निसर्गातली वस्तू नाही. विधिमंडळ आणि न्यायालये तिची सीमा ठरवतात, आणि ती सरकते.

४. भारत : आदेश आणि न्यायालये

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. लस ऐच्छिक आहे, हीच केंद्र सरकारची अधिकृत भूमिका होती. ११ एप्रिलपासून १०० किंवा अधिक पात्र व्यक्ती असलेल्या कामाच्या ठिकाणीच लसीकरण केंद्र उघडण्याची परवानगी मिळाली. कामाची जागा अशा रीतीने लसीकरणाच्या नकाशावर आली, ती सोय म्हणून.

स्थानिक पातळीवर मात्र सोयीची अट झाली. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद जिल्ह्यात लस न घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे फर्मान निघाल्याच्या बातम्या जून २०२१ मध्ये आल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महानगरपालिकेने पहिली मात्राही न घेतलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना पगार न देण्याचे ठरवले. त्याच महिन्यात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात रेशन, गॅस आणि पेट्रोल घेताना किमान एक मात्रा घेतल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा झालेल्या प्रवाशांनाच लोकलची दारे उघडली; ज्याची नोकरी विरारहून चर्चगेटला जाण्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही कामावरचीच अट होती.

आदेशांचे स्वरूप पाहा. फिरोजाबाद व ठाण्यात नोकरी काढली जात नव्हती, पगार अडत होता. औरंगाबादेत अडले ते रेशन, मुंबईत प्रवास. यांपैकी कोणतीही गोष्ट कायद्याच्या भाषेत ‘बेकारी’ नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे पण हातात पगार नाही, तो बेकारी भत्त्यासाठी अर्जच करू शकत नाही. प्रश्न भत्त्याच्या कार्यालयापर्यंत पोचला नाही, याचे हे पहिले कारण.

न्यायालयांनी मात्र रोजगाराचा मुद्दा थेट घेतला. मेघालयात दुकानदार, फेरीवाले, टॅक्सीचालक यांना धंदा सुरू करण्यापूर्वी लस घेण्यास सांगणारे आदेश निघाले होते. २३ जून २०२१ रोजी मेघालय उच्च न्यायालयाने म्हटले की बळजबरीने लस देणे हे लसीकरणाच्या मूळ हेतूलाच बाधा आणते आणि उपजीविकेच्या हक्कावर आघात करते. ग्राहकाला माहिती असावी म्हणून दुकानावर लस घेतल्याची किंवा न घेतल्याची पाटी लावण्यास मात्र न्यायालयाने सांगितले. पुढच्याच महिन्यात गुवाहाटी उच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील आदेशाबाबत, लस घेतलेल्यांनाच कामासाठी प्रवेशपरवाना देण्याचा भेदभाव प्रथमदर्शनी समतेच्या, संचाराच्या आणि जीविताच्या हक्कांशी विसंगत मानला.

शेवटी २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल प्रकरणात निकाल दिला. न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने तीन गोष्टी सांगितल्या. एक, शरीरावरचा स्वतःचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो आणि कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येत नाही. दोन, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते, पण ती प्रमाणबद्ध हवी. तीन, लस न घेतलेल्यांकडून इतरांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो असा पुरावा पुढे आलेला नाही, म्हणून त्या वेळची परिस्थिती पाहता त्यांच्यावरचे निर्बंध प्रमाणबद्ध म्हणता येत नाहीत. खासगी संस्थांसह सर्वांनी त्यांचा फेरविचार करावा. न्यायालयाने लसीकरणाचे धोरण अवैध ठरवले नाही. पुढे वेगळी साथ, वेगळा पुरावा आल्यास निर्बंध घालण्याचा मार्गही बंद केला नाही.

५. वाराणसीतील तीन कामगार

आता आपण वाराणसीत येऊ. पुढील तीन कामगार कल्पित आहेत, पण त्यांचे कायदेशीर स्थान खरे आहे.

*पहिला* बनारस रेल्वे इंजिन कारखान्यात कायम नोकरीला आहे. रेल्वेच्या सेवानियमांचे त्याला संरक्षण आहे. चौकशीशिवाय त्याला काढता येत नाही. कर्मचाऱ्यांना समान किंवा अधिक लाभ देणारे सरकारी कारखाने ईएसआयच्या बाहेर असतात. म्हणजे त्याला बेकारी भत्ताही नाही. त्याला भीती आहे ती पगार अडण्याची, काम जाण्याची नव्हे. त्याची ढाल भत्ता ही नाही, नोकरीची शाश्वती ही आहे.

*दुसरा* गोदौलियाजवळच्या एका हॉटेलात काम करतो. तेथे दहापेक्षा जास्त माणसे आहेत आणि त्याचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे, म्हणून तो ईएसआयचा विमाधारक आहे. शहरात पांडेपूर भागात ईएसआयचे रुग्णालय आहे आणि त्याच्या खिशात कार्ड आहे. लस न घेतल्याने त्याला काढले, तर आपला मूळ प्रश्न खरोखर त्याच्यापुढे उभा राहतो.

त्याचे उत्तर तीन पायऱ्यांनी शोधा. पहिली पायरी : वरिष्ठाच्या हुकमाची अवज्ञा गैरवर्तन ठरते, पण १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील नमुना नियमांत तो हुकूम ‘कायदेशीर आणि वाजवी’ असावा अशी अट होती. हे नियम मोठ्या आस्थापनांसाठी होते, तरी कसोटी म्हणून उपयोगी आहेत. दुसरी पायरी : जेकब पुलियेल निकालानंतर सरसकट लससक्तीचा हुकूम ‘वाजवी’ होता असे म्हणणे अवघड होते, अतिदक्षता विभागातील परिचारकाबाबत मात्र युक्तिवाद वेगळा होऊ शकतो. तिसरी पायरी सर्वांत साधी आणि सर्वांत निर्णायक आहे : मालकाने कागदावर काय कारण लिहिले? ‘शिस्तभंग’ लिहिले तर भत्त्याचे दार बंद. ‘नोकरी सोडली’ लिहिले तर कामगाराला स्वतः सिद्ध करावे लागणार की आपण सोडली नाही. ‘कपात’ लिहिले तर दार उघडे. कॅनडात हा वाद न्यायाधीशांपुढे झाला. आपल्याकडे तो बहुधा हजेरीपटाच्या शेवटच्या रकान्यात मिटतो.

*तिसरा* मदनपुरा किंवा बजरडीहा भागातील विणकर आहे. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती विणणाऱ्याला नेमणूकपत्र मिळत नाही. गद्दीदार म्हणजे पेढीवरचा व्यापारी माल घेतो, गृहस्थ म्हणजे मोठा विणकर कच्चा माल देतो, आणि साडीमागे मजुरी ठरते. घरातल्या बाया कांड्या भरतात, त्यांच्या कामाची वेगळी मोजणी सहसा होत नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभर अशा विणकर व सहायक कामगारांची संख्या सुमारे ३५ लाख होती.

या विणकराला लस न घेतल्याबद्दल कोणी कामावरून काढत नाही, कारण कायद्याच्या नजरेत त्याला कोणी कामावर ठेवलेलेच नाही. त्याचे काम जाते ते गद्दीवरून पुढची मागणी आली नाही की. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले तेव्हा त्याला भत्ता नव्हता. उत्तर प्रदेश सरकारने नोंदणीकृत बांधकाम मजूर, फेरीवाले, रिक्षाचालक यांना १,००० रुपये देण्याचे जाहीर केले होते, तोही मदतीचा भाग होता, हक्काचा विमा नव्हे. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले, पण नोंदणी म्हणजे भत्ता नव्हे. अशा माणसाला रेशनशी जोडलेली लशीची अट नोकरीशी जोडलेल्या अटीपेक्षा जास्त लागते. काशीचा नाविक, घाटावरचा फुलविक्रेता, साडी पॉलिश करणारा कारागीर यांचीही हीच गत.

समारोप

तर भारतात हा प्रश्न ऐकू का आला नाही? लससक्ती सौम्य होती म्हणून नव्हे. ज्याला भत्ता मागता येईल असा कामगार थोडा आहे, आणि जो मोठ्या संख्येने आहे त्याच्यापाशी मागण्याचे दारच नाही, म्हणून. लशीच्या नियमाचा भार किती जड आहे हे लशीवरून ठरत नाही. नियम मोडणाऱ्याच्या पाठीशी दुसरा कोणता आधार आहे, यावरून ते ठरते. १८९७ मध्ये छावणीतून सूट आणि २०२१ मध्ये रेशन, दोन्ही ठिकाणी अट लावली गेली ती माणसाला ज्याच्यावाचून राहता येत नाही अशा गोष्टीवर.

यातून लस नको असा निष्कर्ष निघत नाही. देवीचा नायनाट लशीने झाला आणि पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आहे. पोलिओच्या मोहिमेत कार्यकर्ते दारोदार गेले. पालकाच्या मजुरीला हात लावावा लागला नाही. इतिहास वाचताना लशीचे गुण आणि लशीच्या अटीचे परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे विसरू नका.

विचारासाठी प्रश्न

१. १८८० च्या कायद्यातील सक्ती आणि २०२१ मधील स्थानिक आदेश यांत सक्तीचा रोख कोणावर होता, याची तुलना करा.

२. ‘कायदेशीर आणि वाजवी हुकूम’ ही कसोटी रुग्णालयातील परिचारक आणि हॉटेलातील कामगार यांना एकसारखी लावता येईल का? कारणे द्या.

३. तुमच्या गावातील किंवा शहरातील पाच वेगवेगळे कामगार निवडा. उद्या काम गेल्यास त्यांपैकी कोणाला बेकारीच्या काळात हक्काची मदत मिळेल, आणि कोणत्या अटीवर? त्यांच्याशी बोलून एक तक्ता तयार करा.

४. पगार अडवणे आणि कामावरून काढणे, यांत कामगाराच्या दृष्टीने कोणते जास्त घातक? कोणत्या परिस्थितीत तुमचे उत्तर बदलेल?